आवर्तनांचा हिशेब

चैत्र संपतां संपतां आमच्या घरीं एक पेंच पडला. माडीचीं कौलें पावसाळ्यापूर्वीं फेरावयाचीं म्हणून आमचे वडील बंधु अण्णा यांनीं कांहीं रक्कम बाजूस काढून ठेविली होती. नेमकी तिच्यावरच त्यांच्या कन्येची, म्हणजे आमच्या पुतणीची, दृष्टि गेली. तिला नवा, अधिक वेगवान कंप्यूटर पाहिजे होता. हौसेसाठीं नव्हे, तिच्या संशोधनाचें काम अडलें होतें. "अण्णा, आहे त्या यंत्रावर एक हिशेब पुरा व्हायला बावीस तास लागतात. त्यांत चूक सांपडली कीं पुन्हां बावीस तास. असें मीं किती दिवस करावें, तुम्हीच सांगा." तिचें म्हणणें रास्त होतें, आणि गळक्या माडीखालीं आणखी एक पावसाळा काढावा कसा, हें अण्णांचें म्हणणेंहि रास्त होतें. घरांत गणिताशीं थोडाबहुत संबंध आलेला मीच एक असल्यामुळें निवाड्याचें काम माझ्याकडे आलें.

घरची गोष्ट सदरांत आणल्याबद्दल वाचकांची क्षमा मागतों. परंतु कंप्यूटर मंद चालतो, सबब नवा घ्यावा, हा विचार आज पुष्कळ घरांत चाललेला असतो. आणि मंदपणा यंत्राचा कीं त्यास सांगितलेल्या कामाचा, हें पाहण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. आमच्या पुतणीनें ती घेतली होती. घड्याळ लावून तिनें मोजलें होतें. तरीहि ती फसली, आणि ती कशी फसली तेंच आज सांगावयाचें आहे.

काम असें होतें. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुण्याच्या कचेरीनें देशांतील पावसाचा एक प्रचंड तक्ता सिद्ध केलेला आहे. नकाशावर पाव पाव अंशाच्या चौकटींचें जाळें कल्पून, १९०१ सालापासून प्रत्येक दिवशीं प्रत्येक चौकटींत किती पाऊस पडला, तें त्यांत दिलेलें आहे. जाळें १३५ गुणिलें १२९, म्हणजे १७,४१५ चौकटींचें. पैकीं समुद्रावरच्या व सरहद्दीपलीकडच्या चौकटी कोऱ्या. १९०१ ते २०२४ या १२४ वर्षांचे दिवस होतात ४५,२९१. गुणाकार केला कीं आंकड्यांची संख्या ७८ कोटि ८७ लाखांवर जाते. पुतणीस पाहावयाचें होतें तें एवढेंच कीं, कोणत्या चौकटींत जोरदार पावसाचे दिवस किती आले. दिवसास ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला म्हणजे तो जोरदार, अशी विभागाची व्याख्या आहे.

मोजणी झाली म्हणजे दुसरा प्रश्न उभा राहतो : हा आंकडा कितपत भरंवशाचा? एखाददुसऱ्या विलक्षण वर्षानें तो फुगविला नाहीं ना? यासाठीं ब्रॅडली एफ्रॉन यांनीं १९७९ सालीं मांडलेली एक युक्ति आहे. १२४ वर्षांच्या १२४ चिठ्ठ्या कराव्या. एक काढून वर्ष टिपावें व चिठ्ठी परत टाकावी. असें १२४ वेळां करावें. म्हणजे कांहीं वर्षें दोनदां येतील, कांहीं मुळींच येणार नाहींत. या नव्या यादीवर तीच मोजणी पुन्हां करावी. असें हजार वेळां केलें कीं आंकडा किती हेलकावे खातो तें कळतें.

ठराविक कृति पुन्हां पुन्हां करावयास सांगणें, यास प्रोग्रॅम लिहिणारे लूप म्हणतात. आपल्या घरांत आवर्तन हा शब्द अधिक परिचयाचा आहे, म्हणून मी तोच वापरतों. ही कल्पना विजेच्या यंत्रांहून जुनी आहे. चार्ल्स बॅबेज यांच्या ॲनॅलिटिकल एंजिनावर एडा लव्हलेस या बाईंनीं १८४३ सालीं जीं टिपणें प्रसिद्ध केलीं, त्यांत आवर्तनांचा विचार आलेला आहे. एंजिन कधींच पुरें झालें नाहीं. परंतु एकच गणित यंत्रास अनेक क्रमांनीं सांगतां येतें, व त्यांतून कमींत कमी वेळ घेणारा क्रम निवडणें हें मोठें काम आहे, हें त्या बाईंनीं यंत्र नसतांनाच लिहून ठेविलें, याचें मला फार कौतुक वाटतें.

आमच्या पुतणीच्या प्रोग्रॅमांत आवर्तनांत आवर्तन होतें : बाहेर हजार वेळां चिठ्ठ्या काढणें, त्याच्या आंत एकेक चौकट घेणें, आणि तिच्याहि आंत त्या चौकटीचा एकेक दिवस तपासणें. मीं विचारलें, "सगळ्यांत आंतली तपासणी एकूण किती वेळां होते?" तिनें गुणाकार केला : जवळजवळ ७९ हजार कोटि वेळां. "मग वेळ तेथेंच जात असेल," मीं म्हणालों. त्यावर तिनें ठामपणें मान हलविली. "नाहीं, काका. तें आवर्तन वेगळें काढून मीं मोजलें आहे. त्याला वेळच लागत नाहीं. घड्याळानें शून्य दाखविलें."

शून्य! शंका यावयास हवी होती ती येथेंच. आजचा साधा प्रोसेसर सेकंदास सुमारें तीनशें कोटि ठोके घेतो. एका ठोक्यांत आठ तुलना उरकतात असें उदारपणें धरलें तरी ७९ कोटि तुलनांस सेकंदाचा तिसावा भाग लागलाच पाहिजे. आणि कंप्यूटरचें घड्याळ त्याहून पुष्कळ बारीक काळ मोजूं शकतें. तेव्हां घड्याळ बिघडलेलें नव्हतें, आणि कामहि जलद झालेलें नव्हतें. काम झालेंच नव्हतें.

हा प्रताप कंपायलरचा. आपण लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविणारा जो दुभाषी, तो कंपायलर. आजचे हे दुभाषी विलक्षण हुशार झाले आहेत. निरर्थक काम दिसलें कीं तें ते परस्पर गाळून टाकतात. पुतणीनें मोजणीचें आवर्तन वेगळें काढलें, त्याच्या आधीं व नंतर घड्याळ पाहिलें. परंतु मोजून आलेला आंकडा पुढें कोठेंच वापरला नाहीं, छापलाहि नाहीं. कंपायलरनें विचार केला कीं, जेवावयास कोणी येणार नाहीं तर चूल कशास पेटवा? त्यानें तें आवर्तन समूळ काढून टाकलें. घड्याळानें मोजला तो रिकाम्या जागेचा वेळ.

शेवटीं आंकडा छापण्याची एक ओळ घालून पुन्हां मोजलें, तेव्हां एका फेरीस ७९ सेकंद लागले. हजार फेऱ्यांचे ७९ हजार सेकंद, म्हणजे तीन मिनिटें कमी बावीस तास. जमाखर्च जुळला.

त्या एका शून्यापायीं पुतणीचे पंधरा दिवस गेले होते. मोजणीस वेळ लागत नाहीं असें ठरल्यावर तिनें संशय घेतला तो १२४ वर्षांच्या १२४ फाइली वाचण्यावर. तेथें खपून तिनें एका मिनिटाचें काम अर्ध्या मिनिटावर आणलें. पण फाइली एकदांच वाचावयाच्या. बावीस तासांतून तीस सेकंद वजा गेले तर कोणास कळणार? जीन ॲमडाल यांनीं १९६७ सालीं हा विचार मांडला, आणि पुढें त्यांच्याच नांवानें तो नियम रूढ झाला : कामाच्या ज्या भागास मुळांत थोडा वेळ लागतो, तो भाग क्षणांत होऊं लागला तरी एकंदर बचत तेवढ्या थोड्या वेळाहून अधिक होऊं शकत नाहीं. फाइलींनींहि भागलें नाहीं तेव्हां राहिला यंत्राचा दोष. आणि तेथून गोष्ट कौलांच्या पैशांवर आली.

या चुकीबद्दल तिला हंसूं नये. डोनाल्ड नूथ व त्यांचे स्टॅनफर्ड येथील सहकारी यांनीं १९७१ सालीं फोरट्रान भाषेंतील प्रोग्रॅमांची एक पाहणी प्रसिद्ध केली. लोक खरोखर कसे प्रोग्रॅम लिहितात हें कळावें म्हणून त्यांनीं रद्दीच्या टोपल्यांतूनहि नमुने वेंचले. त्यांस असें आढळलें कीं, बहुधा प्रोग्रॅमाच्या शेंकडा चारांहूनहि कमी भागांत निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो. मौज पुढेंच आहे. वेळ कोठें जातो हें दाखविणारा त्यांचा जो प्रोग्रॅम, तो त्यांनीं त्याच्याच स्वतःवर चालविला. तेव्हां त्याचाहि निम्म्याहून अधिक वेळ दोन आवर्तनांत जातो असें दिसलें, आणि तासाभराच्या आंत थोड्या ओळी बदलून त्याचा वेग दुप्पट झाला. ज्यांचा तो जन्माचा विषय, त्यांनाहि आपल्याच लिखाणांतली जागा मोजल्याशिवाय कळली नव्हती. याच नूथ यांचें १९७४ सालचें एक वचन सर्वतोमुखीं झालें आहे. अवेळीं केलेली काटकसर हें अनर्थाचें मूळ, असा त्याचा आशय सांगतात. लगेच पुढें त्यांनीं उरलेल्या शेंकडा तीन महत्त्वाच्या जागा मात्र सोडूं नका असें बजाविलें आहे. तें सांगण्यास लोक विसरतात.

आतां, ७९ सेकंद कां? सेकंदाच्या तिसाव्या भागाचा हिशेब आपण वर केलाच आहे. तेवढ्यांत नाहीं, तर दोन-तीन सेकंदांत तरी व्हावें. वेळ कोणत्या ओळीवर जातो हें सांगणारीं साधनें पुष्कळ आहेत. तीं सेकंदांत शेंकडों वेळां डोकावून प्रोग्रॅम कोठें आहे तें टिपून ठेवितात. परंतु कोठें हें कळलें म्हणून कां हें कळत नाहीं. त्यासाठीं प्रोसेसरच्या पोटांतच कांहीं मोजपट्ट्या असतात. त्या वाचल्यावर दिसलें कीं, प्रोसेसर हिशेब करीतच नव्हता. बहुतेक काळ तो आंकड्यांची वाट पाहात बसला होता.

याचें कारण मेमरीच्या रचनेंत आहे. प्रोसेसर जितका जलद झाला तितकी मुख्य मेमरी झाली नाहीं. तेथून एक आंकडा येण्यास सुमारें शंभर नॅनोसेकंद लागतात, आणि तेवढ्यांत प्रोसेसरचे तीनशें ठोके फुकट जातात. म्हणून प्रोसेसरजवळ एक लहानसा कोनाडा केलेला असतो. विकाऊ यंत्रांत तो प्रथम आला १९६८ च्या सुमारास, आय. बी. एम. कंपनीच्या ३६० मालिकेंतील ८५ क्रमांकाच्या यंत्रांत. त्यास कॅश म्हणतात. उच्चार रोकडीसारखा असला तरी मूळ अर्थ दडवून ठेवलेला सांठा असा आहे. मुख्य मेमरींतून आणतांना एकच आंकडा आणीत नाहींत. शेजारचे मिळून ६४ बाइटांचा गठ्ठा कोनाड्यांत येतो. पुतणीचा प्रत्येक आंकडा चार बाइटांचा, म्हणजे एका खेपेस सोळा आंकडे.

मुंजीची पंगत डोळ्यांपुढें आणा. लांबच लांब ओळी मांडल्या आहेत. वाढपी मुदपाकखान्यांतून तबकांत सोळा मुदी घेऊन येतो. त्या एका ओळींतल्या लागून असलेल्या सोळा पानांच्या. शहाणा वाढपी ओळीनें चालत जाईल व तबक रिकामें करून परतेल. आतां समजा, यजमानानें हुकूम केला कीं, प्रथम प्रत्येक ओळींतलें पहिलें पान वाढा, मग प्रत्येक ओळींतलें दुसरें. वाढपी सोळा मुदींचें तबक आणतो, एक मूद वाढतो, आणि पुढच्या ओळीसाठीं नवें तबक आणावयास पळतो. ठेवावयास जागा नाहीं म्हणून उरलेल्या पंधरा मुदी परत जातात. भात तितकाच, पानें तितकींच. पण खेपा सोळापट.

आमच्या पुतणीनें नेमका हाच हुकूम दिला होता. तिच्या तक्त्यांत एका दिवसाच्या १७,४१५ चौकटी सलग मांडलेल्या होत्या. ती एक चौकट धरून दिवसामागून दिवस चालत होती. म्हणजे प्रत्येक पावलास सुमारें ७० हजार बाइटांची उडी. सर्व दिवस संपवून शेजारच्या चौकटीकडे येईपर्यंत ४५ हजारांवर गठ्ठे येऊन गेलेले. अगदीं जवळचा कोनाडा बहुतेक यंत्रांत तीस ते पन्नास हजार बाइटांचा, त्यांत यांतले हजारहि मावत नाहींत. ओळीनें चाललें असतां ४ कोटि ९३ लाख गठ्ठ्यांत जें काम झालें असतें, त्यासाठीं ती ७८ कोटि ८७ लाख वेळां हात पुढें करीत होती.

बरें, असें तिनें कां लिहावें? मुलगी हुशार आहे. शोध केला तेव्हां कळलें कीं, तिच्या गुरुजींचा जुना प्रोग्रॅम फोरट्रानमध्यें होता, व तिनें तो सी भाषेंत शब्दशः उतरविला होता. फोरट्रान १९५७ सालची. तिच्यांत दोन खुणांचा तक्ता मांडतांना पहिली खूण आधीं सरकते. सी मध्यें शेवटची खूण आधीं सरकते. गुरुजींच्या प्रोग्रॅमांत जें ओळीनें चालणें होतें, तेंच भाषांतरांत ओळी ओलांडणें झालें. उत्तर दोन्हींकडे तंतोतंत तेंच. म्हणून चुकीचा संशय कधीं आला नाहीं. भाषांतराची ही तऱ्हा आम्हां लेखकांस अपरिचित नाहीं.

दोन ओळींची अदलाबदल केली; दिवस बाहेर, चौकटी आंत. बावीस तासांचें काम पाऊण तासांत झालें. कंप्यूटर तोच.

अण्णांनीं तेथेंच सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मीहि निवाडा देऊन मोकळा झालों असतों. पण त्याच आठवड्यांत संकष्टी आली. वहिनी अथर्वशीर्षाचीं एकवीस आवर्तनें करीत होत्या, आणि मुलगी शेजारीं बसून दूर्वा निवडीत होती. शांतिपाठ आरंभीं एकदां झाला. मग मूळ पाठ एकवीस वेळां. फलश्रुति शेवटच्या आवर्तनानंतर एकदांच. ती एकाएकी उठली ती सरळ माझ्या खोलींत आली. "काका, मी फलश्रुति हजार वेळां म्हणतें आहें!"

तिचें म्हणणें क्षणभरानें माझ्या ध्यानांत आलें. चिठ्ठ्या काढल्यानें वर्षांची यादी बदलते. पण १९६१ सालीं अमुक चौकटींत जोरदार पावसाचे दिवस किती होते, हें कांहीं बदलत नाहीं. तें प्रत्येक फेरीस नव्यानें मोजण्याचें कारण काय? प्रत्येक वर्षाचा व चौकटीचा आंकडा एकदां काढून ठेवावा. असे आंकडे १२४ गुणिलें १७,४१५, म्हणजे एकवीस लाख साठ हजारांच्या आंतच. पुढें हजार फेऱ्यांत केवळ यांची बेरीज. दर फेरीचें काम ३६५ पटींनीं घटलें. पाऊण तासाच्या जागीं चार सेकंद.

माझें मत विचाराल तर, या सर्व प्रकरणांत खरी बुद्धीची गोष्ट हीच. आधींची सुधारणा यंत्राचा स्वभाव ओळखून केलेली होती; ही कामाचा स्वभाव ओळखून केलेली. असें साधें काम एखादे वेळीं कंपायलरहि आवर्तनाबाहेर काढतो; परंतु दिवस व वर्ष यांचें नातें त्यास कोण सांगणार? तें वहिनींच्या पाठानें सांगितलें, हा योगायोग.

यानंतर मुलीस मोजण्याचें जणूं वेडच लागलें. बेरजेच्या दोन रीतींपैकीं दुसरी शेंकडा सातांनीं जलद आहे, असें तिनें एका रात्रीं उत्साहानें सांगितलें व निबंधांत लिहावयास घेतलें. सकाळीं पुन्हां मोजलें तों पहिलीच पुढें! यंत्र तापलें कीं आपला वेग आपणच कमी करतें. मागें दुसरे प्रोग्रॅम चालू असतात. पहिल्या फेरीस कोनाडा रिकामा असतो, दुसरीस भरलेला मिळतो. हीं कारणें ठाऊक असलेलीं. याहून विचित्र प्रकार २००९ सालीं चार संशोधकांनीं दाखविला. प्रोग्रॅम सुरू होतांना चालविणाऱ्याचें नांव, त्याच्या फाइलींचा पत्ता इत्यादि मजकूर मेमरींत ठेविला जातो. या मजकुराची लांबी बदलली एवढ्यानेंच प्रोग्रॅमाच्या वस्तूंची जागा सरकते, आणि कंपायलरची एखादी सुधारणा एका लांबीस फायद्याची तर दुसरीस तोट्याची दिसूं शकते. लांब नांवाच्या माणसाचा प्रयोग एक सांगेल, आंखूड नांवाच्याचा दुसरें! त्यांनीं या शास्त्रांतील नामांकित परिषदांचे १३३ निबंध तपासले. या दोषाची पुरेशी काळजी घेतलेला त्यांत एकहि निघाला नाहीं. बावीस तासांचे चार सेकंद झाले त्यास अशा शंकेची बाधा नाहीं. शेंकडा सातांस आहे. मुलीनें दोन्ही रीती आलटून पालटून तीस तीस वेळां चालविल्या, सर्व वेळा कागदावर मांडल्या, व त्या एकमेकींत पार मिसळलेल्या पाहून निबंधांतलें तें वाक्य खोडलें. तें खोडतांना तिला वाईट वाटलें, हें मला दिसत होतें.

वैशाखांत कौलें फेरून झालीं. कंप्यूटर जुनाच आहे. परवां ती पुन्हां घड्याळ लावून बसली होती. मीं म्हटलें, "अग, आतां चार सेकंदांतून काय काढणार?" ती म्हणाली, "चार नव्हे, काका. सारें मिळून सदतीस सेकंद लागतात, आणि त्यांतले तीस फाइली वाचण्याचे. बरें झालें कीं नाहीं, ते पंधरा दिवस मीं तिथें घालविले तें?"